हद्द कायम

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी लिहायची. वाचायला कोणालाही द्यायची नाही. माणसाला स्वतःची अशी एक जागा पाहिजे जिथे घरातलं कोणी नाक खुपसणार नाही. वही मुलाच्या, यशराजच्या, टेबलाच्या खणात मिळाली. पहिली काही पानं त्याच्या ऑफिसच्या मीटिंगांनी भरलेली होती, ती फाडून टाकली. विशेष काही नव्हतं त्यात.

कारण घडलं ते असं. काल आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांचा फोन आला. सत्तावीस तारखेला मराठी भाषा दिन. संघातल्या निवडक सभासदांनी रोजच्या बोलण्यातला एकेक शब्दप्रयोग घ्यायचा आणि त्याचा अर्थ, उगम वगैरे सांगायचा. वेळ दहा मिनिटं. मला दिलाय ‘हद्दीत राहा’. म्हणाले, हौसेराव, हा विषय तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला देणार? खरं आहे. उभी नोकरी मोजणी खात्यात गेली. लोकांच्या शेतांच्या, घरांच्या, बांधांच्या हद्दी मीच काढून दिल्या. या विषयावर माझ्याइतकं बोलेल असा माणूस खारघरमध्ये नाही. पनवेल धरलं तरी नसावा.

दुपारी यशराज वही शोधत होता. मी काही बोललो नाही. सुट्टीच्या दिवशी उगाच वाद नको.

४ फेब्रुवारी

भाषण लिहायला बसणार होतो. पण या घरात शांतता मिळेल तर शपथ.

सकाळी राजेश्वरीने मेथीची जुडी पुढ्यात टाकली. म्हणाली, बसल्या बसल्या निवडा की. बसल्या बसल्या! नवरा विचार करतोय हे हिला बसणं वाटतं. साताऱ्याची माणसं, काम सांगताना विचारायची पद्धतच नाही. (मीही साताऱ्याचाच, पण माझं वेगळं आहे.) निवडली.

यशराजने हॉलमधल्या टेबलावरची माझी वर्तमानपत्रं, गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा सेट उचलून सोफ्यावर ठेवला. न विचारता. वर म्हणतो, बाबा, हे माझं कामाचं टेबल आहे. टेबल माझ्या हॉलमध्ये आहे हे तो विसरतो.

सूनबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. चारुलता आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, बाकीचे दिवस महापेला ऑफिस. घरून काम असलं की खोलीला आतून कडी. दिवसाउजेडी कडी! घरात काय चोर शिरलेत? ती कडी कुरकुरत होती म्हणून गेल्या आठवड्यात मी तेल घालायला काढली, तर तिचा एक स्क्रू सापडेना. तेव्हापासून ही दाराला आतून खुर्ची लावते.

थोडक्यात, या घरात हद्दीत राहणारा मी एकटाच.

६ फेब्रुवारी

दुपारी चारुलताच्या खोलीत गेलो. दार ढकललं तर खुर्ची सरकून पडली, मोठा आवाज झाला. त्यात माझा काय दोष? जेवणार कधी, एवढंच विचारायचं होतं. ती मीटिंगमध्ये. लॅपटॉपच्या पडद्यावर ओळीने डोकी. मी बनियनवर होतो, पण आपल्याच घरात होतो. त्यातले एक साहेब हसले, नमस्कार केला. विचारपूस केली तर निघाले कराडकडचे! मग काय, उसावर बोलणं झालं, पाण्यावर झालं, त्यांच्या भावकीत बांधावरून काय चाललंय तेही निघालं. मी फुकट सल्ला दिला. साहेब खूश. चारुलता सगळा वेळ तोंडावर हात धरून बसली होती. हसू आवरत नसेल. तिच्या प्रमोशनचं निम्मं काम आज मी करून ठेवलंय, पण बोलून दाखवणार नाही.

संध्याकाळी तिचं कुरिअर आलं. आत काही फुटलंबिटलं नाही ना म्हणून उघडून बघितलं. कपडे होते. ताबडतोब बंद केलं आणि दुकानदाराने लावली होती त्यापेक्षा चांगली चिकटपट्टी लावून दिली. थँक्यूसुद्धा नाही.

भाषण: कागदावर नाही, पण डोक्यात तयार आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहू नये असं वाटत होतं.

जेवताना यशराज म्हणाला, बाबा, आम्ही दोघं घणसोलीला भाड्याने फ्लॅट बघतोय. घणसोली गावाला लागून नवीन टॉवर झालेत, तिथे एक आवडलाय. महिनाअखेरीला मालकाला हो-नाही सांगायचंय. चारुलताला ऑफिस जवळ पडेल.

भात नुसता चिवडत बसलो. राजेश्वरी काहीच बोलली नाही, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, तीन दिवस तर ही घरीच असते, मग जवळ काय आणि लांब काय? यशराज चारुलताकडे बघायला लागला आणि चारुलता ताटाकडे. मग म्हणाली, बाबा, थोडी पर्सनल स्पेस पण मिळेल.

पर्सनल स्पेस! टू बीएचके आहे आपला. बाल्कनी वेगळी. स्पेस कमी आहे कुठे?

एकुलता एक मुलगा. तो गेल्यावर मी बोलायचं कोणाशी? राजेश्वरी आहे, पण ती तिचंच बोलते. काय वाटेल ते करीन, पोरांना या घरातून जाऊ देणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कारण सापडलं. घरात डिसिप्लिन नाही. कोण कुठे बसतं, कोण काय उचलतं, कोणाला कधीही मेथी निवडायला लावतं, कशाला काही धरबंध नाही. पोरं त्यालाच वैतागलीत. घराला एकदा हद्दी घालून दिल्या की पोरं कुठे जात नाहीत. आणि हे काम माझंच आहे.

संध्याकाळी समोरच्या दारी गेलो. ताजुद्दीन राहतो तिथे. मूळचा मोरा बंदराचा, उरणच्या शाळेत उर्दू शिकवायचा, आता माझ्यासारखाच रिटायर. त्याला भाषणातला उगमाचा भाग ऐकवला. माझं म्हणणं असं की ‘हद्द’ हा शब्द ‘हात’ वरून आला. पूर्वी जमीन हाताने मोजत. हात, हात, हद्द. सरळ आहे. ताजुद्दीनला चहाचा ठसका लागला. म्हणाला, हौसेराव, तुमी पन कमाल करता. तो लफ्ज अरबीतला. हद म्हणजे कड, जिथं एक चीज संपते ती जागा. चाकूच्या धारेलाही हदच म्हणतात. फारसीच्या हाताला धरून सरकारी दफ्तरात आला, आणि दफ्तरातून तुमच्या तोंडात. मी म्हटलं, जन्मभर मी हद्दी काढल्या आणि तू मला शिकवतोस? तर म्हणाला, हद्दी तुमी काढल्या, शब्द नाय काढला. एवढ्यात इशरतभाभींनी नानकटाई आणली म्हणून विषय सोडून दिला.

(हातवाली थिअरी टाकायची नाही. ‘काही विद्वानांच्या मते’ म्हणून सांगायची.)

निघताना ताजुद्दीन म्हणाला, ‘हद्दीत राहा’ असं माणूस तावातावाने म्हणतो खरं, पण हद्द कुठं हाय ते आधी कोणी दाखवलेलं असतं का? घरी येईपर्यंत, म्हणजे त्याच्या दारातून माझ्या दारात येईपर्यंत, मला एक जबरदस्त कल्पना सुचली. ताजुद्दीनचा तिच्याशी काही संबंध नाही.

११ फेब्रुवारी

आमच्या खात्यात मोजणीचा एक प्रकार असतो, हद्द कायम. दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाजलं की अर्ज येतो. मग लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते. सगळे जागेवर हजर राहतात. आपण कुठवर वापरतो, म्हणजे वहिवाट कुठवर आहे, ते प्रत्येकाने दाखवायचं. मग मोजायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खुणा करून द्यायच्या. भांडण खलास. निदान त्या दिवसापुरतं.

हेच घरात करायचं. भाषणाला प्रॅक्टिकल होईल आणि पोरंही राहतील. फॅमिली ग्रुपवर नोटीस टाकली: रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये हद्द कायम मोजणी होईल, सर्व लगतच्या धारकांनी हजर राहावे, गैरहजर राहणाऱ्याची तक्रार नंतर ऐकली जाणार नाही. यशराजने अंगठा पाठवला. चारुलताने आधी लिहिलं, बाबा, खरंच? मग लिहिलं, मी नक्की असेन. बघा, पोरीला शिस्तीची किती भूक आहे! राजेश्वरी स्वयंपाकघरातून ओरडली, आवं, मी इथं हाताच्या अंतरावर असताना फोनवर काय पाठवताय? म्हटलं, नोटीस बजावावी लागते. म्हणाली, हे पावटे ठेवलेत, ते आधी बजावा.

१३ फेब्रुवारी

भाषणासाठी फील्डवर्क. मॉर्निंग वॉकला भेटेल त्याला विचारलं, ‘हद्दीत राहा’ हे शेवटचं कधी ऐकलं? माहिती उत्तम मिळाली. एकाने भाडेकरूला म्हटलं होतं, एकाने व्याह्याला, एका बाईंनी कबुतरांना. सगळ्यांनी कोणाला ना कोणाला म्हटलेलं आहे. आपल्याला कोणी म्हटलं असं मात्र एकालाही आठवत नाही. मलाही आठवत नाही. म्हणजे आमच्या सेक्टरमध्ये तरी सगळे आपापल्या हद्दीत आहेत.

‘हद्द झाली’, ‘हद्दपार’, ‘बेहद्द’, ‘सरहद्द’ एवढं जमवलं. चारुलताला वाचून दाखवायला गेलो तर दाराला खुर्ची.

भाषणाचं पहिलं वाक्य लिहून झालं. ‘सज्जनहो.’

१४ फेब्रुवारी

आज घणसोलीला जाऊन आलो. घरी सांगितलं, चष्म्याच्या दुकानात चाललोय. टॉवरचं नाव यशराजच्या फोनवर सहज दिसलं होतं. फोन चार्जिंगला होता, मी तो सरळ ठेवला एवढंच.

गावातून जाणारी गल्ली अरुंद. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की संपलं. घरांना घरं चिकटलेली, आणि त्याला लागून हे उंच टॉवर. इथे कोणाची हद्द कोणी काढली असेल देव जाणे. टॉवर मात्र चांगला आहे, मुद्दाम खोट काढावी असं काही दिसलं नाही, याचा जास्त राग आला. खाली उभा राहून वर बघत होतो, कुठली खिडकी असेल म्हणून. वॉचमनने विचारलं, काका, कोणाकडे? मी म्हटलं, मुलाकडे. मग लक्षात आलं की तो अजून तिथे राहत नाही. तसाच परत फिरलो.

चष्म्याचं काय झालं, असं राजेश्वरीने विचारलं. दुकान बंद होतं म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोजणी झाली. दणदणीत यश.

पंच म्हणून ताजुद्दीनला बसवलं. शेतात आम्ही चुन्याने रेघा मारायचो, पण राजेश्वरी म्हणाली, माझ्या फरशीवर चुना सांडून बघा तुम्ही. म्हणून पिवळी चिकटपट्टी आणली. स्टीलची टेप माझी जुनीच.

पहिली वहिवाट राजेश्वरीची. म्हणाली, स्वयंपाकघर माझं. मान्य. बाल्कनीतली तुळशीजवळची खुर्ची माझी. हे नवीनच निघालं, तिथे मी पेपर वाचतो. ताजुद्दीनने विचारलं, भाभी, आधी कोण बसायचं? म्हणाली, मीच बसायचे, दुपारचा चहा घेऊन. हे रिटायर झाल्यापासून ओट्याशी उभ्यानं पिते. मी म्हटलं, मग बोलायचं होतंस. म्हणाली, बोलले की. आणखी एक घातलं तिने: माझा फोन वाजला की मीच उचलणार. तिच्या बहिणीचे फोन मी उचलतो ते हिचा वेळ वाचावा म्हणून. बहीण काय विचारणार ते मला पाठ आहे, उत्तर देऊन टाकतो. पण ठीक. दिला फोन.

यशराज म्हणाला, टेबल. पूर्ण टेबल, खणासकट. खणासकट म्हणताना माझ्याकडे का बघितलं कळलं नाही.

चारुलताने सगळ्यात कमी मागितलं. म्हणाली, बाबा, आमची खोली, दारापर्यंत. दार लावलेलं असलं तर ठकठक करायची आणि मी ‘या’ म्हटलं तरच यायचं. आणि माझ्या नावाने जे येईल ते मी उघडणार. एवढंच. बोलताना तिचा आवाज कापत होता. दारासारख्या दारासाठी एवढं टेन्शन! बिचारी पोर. मी मोठ्या मनाने तिथल्या तिथे देऊन टाकलं. म्हटलं, लाजू नकोस, अजून काही हवं असेल तर माग. म्हणाली, कडी. स्क्रू गोळ्यांच्या डब्यात सापडला. लगेच बसवून दिली.

मग माझी वहिवाट. मी म्हटलं, बाकीचं सगळं घर. ताजुद्दीन म्हणाला, हौसेराव, बाकी काय उरलं ते जरा बोटाने दाखवा. टेप धरून बघितलं. टेबल गेलं, बाल्कनी गेली, येण्याजाण्याची वाट सगळ्यांची. उरली टीव्हीसमोरची खुर्ची, अर्धा सोफा आणि चपलांचं कपाट. चारी बाजूंनी पट्टी लावून घेतली. निर्विवाद मालकी! आत पाऊल टाकायचं तर ‘येऊ का?’ विचारायचं, असा नियम मी केला. ताजुद्दीनने तो सगळ्यांच्याच हद्दींना लागू केला, मला धरून. किरकोळ तपशील आहे.

१७ फेब्रुवारी

कोणी काही निवडायला टाकलं नाही. विजय. भाषणाचं दुसरं वाक्य लिहिणार होतो, पण इतकी शांतता होती की झोप लागली.

२० फेब्रुवारी

चारुलताच्या दारावर दिवसभरात चारदा ठकठक केली. दर वेळी काम महत्त्वाचं होतं. पाणी दुपारी जाणार आहे. पाणी गेलं. पाणी आलं. चौथ्यांदा काय होतं ते आता आठवत नाही. दर वेळी आतून आवाज, बाबा, नंतर बोलू या. नियम पाळला, आत गेलो नाही. पण नियम करताना मला वाटलं नव्हतं की ‘या’ कोणी म्हणणारच नाही.

राजेश्वरी तुळशीजवळ बसून बहिणीशी फोनवर बोलत होती. पुष्कळ वेळ. मोठमोठ्याने हसत होती. एवढं हसण्यासारखं काय होतं ते कळायला मार्ग नाही. पूर्वी मला सगळं कळायचं.

एकदा पट्टी ओलांडली. ओलांडली म्हणजे पायाला मुंगी चावली, पाय झटकला, आणि त्याबरोबर मी टेबलापर्यंत गेलो. यशराज लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, बाबा, येऊ का विचारा. विचारलं. काय काम आहे म्हणाला. काही नाही म्हटलं आणि परत आलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या हद्दीत कोणी येत नाही. खरं म्हणजे इथे कोणाचं काही कामच नाही. चपला काढायला येतात तेव्हा ‘येऊ का?’ विचारतात. मी ‘या’ म्हणेपर्यंत चप्पल ठेवून गेलेले असतात. रिमोट माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे आणि काय बघावं सुचत नाही.

राजेश्वरी मेथी टाकायला यायची तेव्हा जाता जाता गावाकडचे चार शब्द सांगून जायची. आज मीच विचारलं, काही निवडायचंय का? म्हणाली, तुम्हाला कशाला त्रास, माझं झालं.

फार वाईट वाटलं. सांगणार कोणाला? तक्रार ऐकली जाणार नाही, असं नोटिशीत मीच घातलंय.

पोरं काल पुन्हा घणसोलीला गेली होती. काय ठरलं ते विचारायचं धाडस होत नाही. पट्टीचा उपयोग झालेला दिसत नाही. उलट माझ्यावाचून राहायची त्यांना आतापासूनच सवय होतेय. आपणच प्रॅक्टिस करून दिली की काय?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

राजेश्वरीचा उपास, म्हणून घरात साबुदाण्याची खिचडी. चारच्या सुमाराला चारुलताच्या खोलीची कडी वाजली. ती दोन ताटल्या घेऊन आली आणि पट्टीशी थांबली. म्हणाली, बाबा, येऊ का?

सोफ्यावरचा पेपर उचलून जागा केली. मग ये ये म्हटलं. अर्ध्या सोफ्यावर बसली. लग्न होऊन आल्यापासून ती आपणहून येऊन माझ्याजवळ नुसती बसलीय असं मला तरी आठवत नाही. तशी वेळच आली नसेल, मीच उठून जायचो. तिने विचारलं, मोजणीच्या वेळी लोक खूप भांडायचे का हो? मग मी उरणकडच्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. शेजाऱ्याला इंचभर जागा जाऊ नये म्हणून ती बांधावर मांडी घालून बसली ती उठेचना. आम्ही तिच्या डोक्यावर छत्री धरून मोजणी केली, आणि निघालं असं की ती बसली होती ती जागा आधीपासून शेजाऱ्याचीच. चारुलता हसून हसून खोकायला लागली. बराच वेळ बसली. उठताना दोन्ही ताटल्या उचलून घेऊन गेली.

ती गेल्यावर पट्टीकडे बघत बसलो. ही पोर आता घरातून जाणार.

निर्णय: पट्टी काढायची. उद्या भाषण उरकतो. रविवारी सगळ्यांना जमवून मोठ्या मनाने हद्दी रद्द करून टाकतो. पुन्हा सगळे कुठेही बसा, कोणाच्याही खोलीत जा. पोरांना एकदम मोकळं वाटेल आणि घणसोली डोक्यातून जाईल.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा दिन

भाषण गाजलं.

दहा मिनिटं झाली तेव्हा मी कुठे ‘हात’ वरून ‘हद्द’ वर आलो होतो. श्यामसुंदर यांनी घंटी वाजवली. मी लक्ष दिलं नाही. परत वाजवली. मग सरळ माइकपाशी येऊन उभे राहिले. हद्द असते एकेकाची! माझ्यानंतरच्या दोघांचा वेळ मी घेतला म्हणे. त्यांना बोलायचं होतं तर आधी नंबर लावायचा.

अरबीचा भाग मांडला. कुठून मिळाला ते सांगत बसलो नाही. ताजुद्दीन पहिल्या रांगेत होता, त्याने सगळ्यात आधी टाळी वाजवली, भला माणूस आहे. शेवटी मुख्य मुद्दा घेतला: समोरच्याला ‘हद्दीत राहा’ म्हणण्याआधी त्याला त्याची हद्द कोणीतरी दाखवली पाहिजे, नाहीतर त्या बिचाऱ्याला आयुष्यभर पत्ताच लागत नाही. सभागृह एकदम शांत. लोक भारावून गेले होते. माइक बंद केला होता हे नंतर कळलं.

२ मार्च, रविवार

सकाळी लवकर उठून पट्टी काढायला बसलो. घट्ट बसली होती. नखाने खरवडून हातभर निघाली तेवढ्यात यशराज आणि चारुलता खोलीतून बाहेर आले. मी म्हटलं, बसा, मला एक जाहीर करायचंय. यशराज म्हणाला, बाबा, आधी आमचं ऐका.

आता सांगणार, म्हटलं.

म्हणाला, घणसोलीच्या मालकाला आम्ही नाही कळवलं. इथेच राहतोय.

चारुलता खाली पट्टीच्या पलीकडे येऊन बसली. म्हणाली, बाबा, खरं सांगू का? ऑफिस जवळ वगैरे काही नव्हतं. मला घरात दार लावून पाच मिनिटं बसता येत नव्हतं. तुम्ही सगळं मायेनेच करायचात, म्हणून तोंडावर सांगायला जीभ वळत नव्हती. आम्ही दोघं त्यावरून भांडलो, रडलो, पण तुम्हाला म्हणायचं कसं? शेवटी वेगळं व्हायचं ठरवलं. आणि तुम्ही स्वतःच ओळखलंत. सगळ्यांना बसवून विचारलंत, पट्टी लावून दिलीत. हे सगळं आमच्यासाठीच केलंत ना?

म्हणजे पोरं माझ्यामुळे निघाली होती. मेथीचा काही संबंध नव्हता.

राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पट्टीकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. जन्मभराचे उपकार आहेत तिचे.

हो, म्हटलं. तुमच्यासाठीच केलं.

चारुलताने डोळे पुसले. मग पट्टीकडे बघून विचारलं, ही का काढताय? म्हटलं, मळलीय, नवीन लावावी म्हणतो. ती उठून आत गेली आणि नवीन रीळ घेऊन आली. एक टोक मी धरलं, दुसरं तिने. वाकून नीट ताणत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, बाबा, जरा मागे सरका, तुमचा गुडघा आमच्या बाजूला आलाय.

सरकलो.